केशरी खूण

एनॉक थ्वेटच्या धाकट्या मुलीचं, मेव्हिसचं, लग्न ज्या वर्षी झालं ते साल १९७८. लग्न ऑगस्टात झालं आणि ही गोष्ट ऑक्टोबरातली. लग्नाच्या मेजवानीत नवरदेवाचा मित्र भाषणाला उभा राहिला. नवऱ्याची चेष्टा करून झाल्यावर तो सासऱ्याकडे वळला आणि म्हणाला, "आमचे एनॉककाका म्हणजे मोठे पक्षी बघणारे. त्यांना जे पक्षी दिसतात ते देवालासुद्धा दिसत नाहीत." सगळी मंडळी हसली. एनॉकही हसला. त्याची बायको लेटी मात्र हसली नाही. तिनं टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भाषण संपेपर्यंत काढला नाही.

ती थट्टा दोन वर्षांपूर्वीच्या एका पक्ष्यावरून होती. एनॉकनं स्कार्नेसच्या टोकावर एकट्यानं सॅबिनचा कुरव नावाचा समुद्रपक्षी पाहिला होता. हा कुरव त्या किनाऱ्याला दहा-दहा वर्षं फिरकत नाही. कधी वादळानं भरकटला तरच. पाठ करडी, पंखाचं टोक काळं, मधे पांढरं, तीन त्रिकोण कापून एकमेकांना शिवल्यासारखे. एनॉकनं तो चार मिनिटं बघितला आणि घरी येऊन पक्ष्यांच्या नोंदी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला दीड पान पत्र लिहिलं. दीड पान लिहायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. तो ब्रिगशॉच्या वीटभट्टीवर वयाच्या बाराव्या वर्षापासून होता. अक्षरं गिरवली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मेव्हिसच्या शाळेच्या वहीत तिच्याच शेजारी बसून.

समितीचं उत्तर एका ओळीचं होतं. "वर्णन अपुरे, दुसरा साक्षीदार नाही, नोंद नामंजूर." खाली सही, मिस आयडा होल्रॉइड.

तेव्हापासून ब्रिगशॉच्या पक्षीनिरीक्षक मंडळातल्या कुणाला छपरावर कबूतर दिसलं तरी तो म्हणायचा, "एनॉक, बघ, सॅबिन." एनॉकला एकच हवं होतं. तोच पक्षी, पुन्हा एकदा, आणि होल्रॉइड बाईंचा डोळा दुर्बिणीला.

म्हणून सात ऑक्टोबरला, शनिवारी, ईशान्येचा वारा तीन दिवस थांबला नव्हता आणि मंडळाच्या सहलीची बस रद्द झाली, तरी तो सकाळी सहा वाजता चौकात येऊन उभा राहिला. वीसजणांपैकी तिघं आले. तो, होल्रॉइड बाई आणि नळांची कामं करणारा डेरेक ॲक्रॉइड. डेरेकनं आपली कामाची गाडी आणली होती. मागं नळ्या खडखडत होत्या.

"बाई, मागं बसता का?" डेरेक म्हणाला. "संडासाचं भांडं आहे, कोरं करकरीत. अजून कुणी बसलेलं नाही त्याच्यावर."

"तू गाडी चालव, डेरेक. तोंड परत येताना चालव."

होल्रॉइड बाई छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. ब्रिगशॉतले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे अख्खं गाव त्यांना बाईच म्हणे. एनॉक त्यांच्या वर्गात कधी बसला नव्हता. तरी त्यांच्यासमोर बोलताना तो टोपी हातात घ्यायचा.

साडेनऊला ते नेसवर, म्हणजे स्कार्नेसच्या भूशिरावर, पोहोचले. टोकावर धुक्यात वाजवायच्या भोंग्याची जुनी दगडी खोली होती. तिच्या आडोशाला तिघांनी घड्या घालायच्या खुर्च्या मांडल्या, गुडघ्यांवर मेणकापड घेतलं आणि तिकाट्यांवरच्या लांब दुर्बिणी समुद्राकडे लावल्या. समुद्र काळा आणि मातकट होता. लाटा खालच्या खडकांवर आपटल्या की पायाखालची जमीन थरथरे. मधूनमधून पावसाची सर आडवी यायची आणि पंधरा मिनिटं काहीच दिसायचं नाही.

पण पक्षी होते. असल्या हवेतच ते किनाऱ्याजवळून जातात. गॅनेट एकामागोमाग एक लाटांच्या वरून जात होते, मधेच एखादा काळपट स्कुआ दुसऱ्याच्या तोंडचा मासा पळवायला धावायचा.

अकराच्या सुमाराला बाईंच्या वहीवरची शाई वाहून गेली. त्यांनी पान उलटलं, तेही ओलं. त्यांनी वही मिटून कोटात टाकली.

"थ्वेट, तुझी पेन्सिल आहे ना? आजची नोंद तू ठेव."

एनॉकनं तंबाखूच्या डबीतून वही काढली. आजवर मंडळाची नोंद बाईंशिवाय कुणी ठेवली नव्हती.

"म्हाताऱ्या, बढती झाली की तुझी," डेरेक म्हणाला. "घरी गेल्यावर लेटीकाकूंना सांग, पगार वाढला."

"किती वाढला?"

"एका शून्याची दोन शून्यं झाली."

समुद्र बघणाऱ्यांची एक अडचण असते. झाडावरचा पक्षी दाखवायचा तर फांदी सांगता येते. पाण्यावर काय सांगणार? सगळ्या लाटा सारख्या. तुम्ही दाखवेपर्यंत पक्षी मैलभर गेलेला असतो. म्हणून तिथं बसलं की पहिलं काम म्हणजे खूण धरायची. नांगरलेलं जहाज असो, खेकड्यांच्या पिंजऱ्यांची जागा दाखवणारा तरंगता बोया असो, तरंगणारा ओंडका असो. मग सगळे तिच्यावरून बोलतात, खुणेच्या डावीकडे, खुणेच्या पलीकडे, खुणेवरून उजवीकडे तीन बोटं. खूण एकदा ठरली की तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्या आजूबाजूला बघतात.

त्या दिवशी सकाळपासून खूणच नव्हती. क्षितिजावर एक मालवाहू जहाज होतं, तेही साडेअकराला दिसेनासं झालं. डेरेकनं दाखवलेले दोन पक्षी बाईंना सापडले नाहीत, बाईंनी दाखवलेला एक एनॉकला सापडला नाही, आणि सगळे थोडे चिडचिडे झाले. चहा संपत आला होता. लेटीनं दिलेला आल्याचा केक एनॉकनं तिघांत वाटला. डेरेकनं डुकराचं मांस भरलेला पाव चाकूनं कापला आणि मोठा तुकडा बाईंना दिला.

बारा चाळीसला डेरेक म्हणाला, "चला, खूण मिळाली. केशरी बोया. समोर, खडकांपासून अर्धा मैल."

एनॉकनं दुर्बीण फिरवली. लाट उचलली की केशरी ठिपका दिसायचा, लाट बसली की नाहीसा व्हायचा. "सापडला," तो म्हणाला. बाईही म्हणाल्या, "सापडला." एनॉकनं वहीत लिहिलं, "१२:४०, खूण, केशरी बोया."

मग काम सुरळीत सुरू झालं.

"बोयाच्या उजवीकडे दोन बोटं, गॅनेट चार, उत्तरेला."

"बोयाच्या वर, स्कुआ एक."

"बोयाच्या अलीकडे, पाण्यावर बसलेला, लहान, काळापांढरा. गेला बुडी मारून."

एनॉक लिहीत होता. एकच्या आधी बाई म्हणाल्या, "बोया दक्षिणेला सरकतोय. मघाशी फुटक्या सुळक्याच्या रेषेत होता."

"नांगर सुटला असेल त्याचा," डेरेक म्हणाला. "या हवेत माझाही सुटेल."

"लिहून ठेव, थ्वेट. खूण हलते तेव्हा दिशा चुकतात."

एनॉकनं लिहिलं. मग पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. एक वाजून पाच मिनिटांनी लाटेनं केशरी ठिपका चांगला वर उचलला, तेव्हा त्याला ठिपक्याला चिकटून काहीतरी काळं दिसलं.

"बोयापाशी काहीतरी आहे," तो म्हणाला.

"सील?" डेरेकनं विचारलं.

"सील नाही. वर येतंय."

"पाणकावळा असेल," बाई म्हणाल्या. "बोयावर बसतातच ते."

त्या काळ्या आकारानं एक पंख वर केला, धरला आणि खाली टाकला. एनॉकनं लिहिलं, "१:०५, पाणकावळा १, बोयाला चिकटून. एक पंख वर." लिहिताना त्याची पेन्सिल क्षणभर थांबली. पाणकावळा पंख वाळवतो तेव्हा दोन्ही एकदम पसरतो, छत्री उघडल्यासारखे. तीस वर्षांत त्यानं एका पंखाचा पाणकावळा पाहिला नव्हता. ते तोंडाशी आलं होतं. पण बाई विचारतील, कोणता पंख, किती वेळ, अजून कुणी पाहिलं? आणि डेरेक म्हणेल, एक पंखाचा पाणकावळा फक्त एनॉककाकांना दिसतो. त्यानं ओळ संपवली आणि टिंब दिलं.

एक अठराला तो पक्षी आला.

उत्तरेकडून, लाटांच्या सपाटीला, फडफडत. आधी तो साधा लहान कुरव वाटला. मग वळला आणि पंख उघडे पडले. काळा, पांढरा, करडा. एनॉकला ओरडावंसं वाटलं, पण तो दबक्या आवाजातच बोलला, पक्षी अर्धा मैल दूर असूनही.

"बाई. सॅबिन. बोयाच्या डावीकडे एक बोट. बोयाकडेच येतोय."

"थ्वेट."

"बाई, शप्पथ. बघा."

डेरेक आधी बोलला. "अरे बाप रे. म्हाताऱ्या. आहे की. तीन त्रिकोण आहेत."

बाईंच्या दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली होती. त्या रुमालानं पुसत होत्या, पुन्हा डोळा लावत होत्या, पुन्हा पुसत होत्या. "कुठं? कुठं म्हणालास?"

"बोयाच्या अगदी वर. घिरट्या घालतोय. जात नाही, बाई, घाई करू नका. तो बोया सोडत नाही."

आणि खरंच सोडत नव्हता. असला भरकटलेला पक्षी सहसा मिनिटभरात निघून जातो. हा मात्र त्या केशरी ठिपक्याभोवतीच फिरत होता, पाय खाली सोडून पाण्याला टेकवत होता, उठत होता, पुन्हा येत होता. एनॉक मनातल्या मनात म्हणत होता, थांब बाबा, एवढा थांब.

एक चोवीसला पाणकावळ्यानं पुन्हा पंख वर केला. तोच, एकच. पक्षी दचकून थोडा बाजूला झाला आणि परत आला. तो पंख लांब होता. त्याला टोकाला पिसं नव्हती. एनॉकला ते दिसलं. त्यानं डोळा दुर्बिणीपासून मागं घेतला, म्हणजे आता काहीतरी बोलणारच होता.

"दिसला," बाई म्हणाल्या.

त्यांनी श्वास सोडला. "दिसला मला. सॅबिनचा कुरव. कोवळा पक्षी नाही, पूर्ण वाढलेला. डोकं अजून करडं आहे. थ्वेट, लिही. मी सांगते तसं लिही."

त्यांनी सांगितलं आणि एनॉकनं लिहिलं. शेपटीला खाच, पायांचा रंग, उडण्याची ढब. बाईंनी त्याच्याकडे न बघता, डोळा काचेलाच ठेवून म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी तू बरोबर असशील. मला वाटतं तू बरोबर होतास." एकसष्ट वर्षांच्या माणसाचे डोळे भरून आले. पावसानं भिजलेला चेहरा, कुणाला कळलं नाही.

एक एकोणतीसला जोराची सर आली. ती गेली तेव्हा पक्षी नव्हता. खूणही नव्हती.

दोन वाजता त्यांनी सामान गुंडाळलं. टेलिफोनची पेटी खाली स्कारबी गावात होती, आणि बाईंना ही बातमी समितीच्या अध्यक्षांना लगेच कळवायची होती. उतरताना डेरेकनं एनॉकच्या पाठीवर थाप मारली. "आता मेव्हिसच्या नवऱ्याच्या त्या दोस्ताला बोलव घरी. भाषण करायला लाव पुन्हा."

गावात, नावा ओढून घ्यायच्या उतारावर, दहा-बारा माणसं उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, दोन म्हातारे. डेरेक नाणी हातात घेऊन फोनच्या पेटीकडे गेला. एनॉक आणि बाई उताराशी थांबले. निळ्या स्वेटरमधला एक म्हातारा त्यांच्याकडे आला. त्याच्या हातात खरखरणारा बिनतारी संच होता.

"तुम्ही नेसवरचे पक्षीवाले ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मी टेड मेनेल. दिवसभर तिथंच होता?"

"साडेनऊपासून."

"मग तुमचे उपकारच झाले. इथं आज माणसं कमी आहेत. आमच्या रूबेनची नाव सकाळी पिंजरे काढायला गेली ती आली नाही. एकला उत्तरेच्या खाडीत तिच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. सगळे तिकडे धावलेत, जीवरक्षक नावही तिकडेच शोधतेय. नेसवर कुणाला पाठवलं नाही मी. म्हटलं, तिथं तीन दुर्बिणी लागल्यात सकाळपासून. काही असतं तर ती माणसं धावत खाली आली असती."

बाई म्हणाल्या, "आम्हाला नाव दिसली नाही."

"नाव बुडाली ती. माणसाचं म्हणतोय मी."

तेवढ्यात डेरेक आला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "बाई, लागला फोन. विश्वास बसेना त्यांचा. मी सांगितलं, अकरा मिनिटं, बोया सोडून हलला नाही."

टेड मेनेल त्याच्याकडे वळला. "कुठला बोया?"

"नेससमोरचा. केशरी."

"नेससमोर बोया नाही."

"आहे हो काका. दिवसभर त्याच्यावरून तर आम्ही..."

"पोरा, तिथं तळाला नुसता खडक आहे. पिंजरे टाकत नाही तिथं कुणी. माझ्या आजोबांच्या वेळेपासून तिथं बोया नाही."

डेरेकच्या हातातली उरलेली नाणी खाली पडली आणि उतारावरून गडगडत गेली. कुणी उचलली नाहीत. बाईंनी एनॉकचा दंड धरला. त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. एनॉकला काही ऐकू येत नव्हतं. वारा होता, समुद्र होता, पण कानांवर भट्टीचं दार बंद झाल्यासारखं झालं होतं. केशरी ठिपका त्याला आता डोळे उघडे असताना दिसत होता. खूण केली होती त्या माणसानं. दोनदा केली होती. आणि आपण त्यालाच खूण धरून बसलो होतो.

रुमालवाल्या बायकांतली एक पुढं आली. तिशीची असेल. बाकीच्या तिला वाट देत होत्या, त्यावरूनच ती कोण ते कळलं. तिचं नाव नेल होतं.

"केशरी कोट आहे त्याचा," ती म्हणाली. "नवा. उन्हाळ्यात घेतला." मग एनॉकच्या हातातल्या वहीकडे बघून, "तुम्ही लिहिलंय का?"

"हो."

"तो हलत होता का?"

एनॉकनं तोंड उघडलं. बाई त्याच्या आधी बोलल्या, हळू, वर्गात एखाद्या पोराला बाजूला घेऊन बोलावं तसं. "थ्वेट, नीट विचार कर. प्रकाश कमी होता. काच ओली होती. अंतर अर्धा मैल. तुझ्याशिवाय कुणी काही पाहिलेलं नाही. अशा वेळी खात्री नसेल तर सांगू नये."

हीच वाक्यं. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत त्यांनी हीच वाक्यं जवळजवळ याच क्रमानं म्हटली होती. तेव्हा त्यांना ती खरी वाटत होती. आता त्या त्याला विनवत होत्या, त्या पोरीसाठी आणि स्वतःसाठीही. एनॉकनं एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं की नक्की सांगता येत नाही. त्याच्यावर कुणी अविश्वास दाखवला नसता. सवयच होती सगळ्यांना.

"बाई," तो म्हणाला, "मला दिसलं ते मला दिसलं."

मग तो नेलकडे वळला. टोपी काढून हातात घेतली. "हलत होता. एक वाजून पाच मिनिटांनी हात वर केला. एक चोवीसला परत केला. त्यानंतर सर आली."

"आणि तुम्ही?"

"मी पाणकावळा लिहिलं."

ती ओरडली नाही. एनॉकला वाटत होतं ती ओरडेल, मारेल, आणि त्याला ते हवंही होतं. तिनं हात पुढं केला. त्यानं वही दिली. तिनं ओली पानं बघितली. मोठी, एकेक सुटी काढलेली अक्षरं होती, वाचायला सोपी. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय आहे? अकरा मिनिटं लिहिलंय."

"पक्षी आहे. कुरवाची एक जात."

"तो काय करत होता तिथं?"

"त्याच्या डोक्यावर फिरत होता."

"जात नव्हता?"

"नाही."

तिनं वही परत दिली. "म्हणजे त्या पक्ष्याला कळलं," ती म्हणाली, आणि बायकांत जाऊन उभी राहिली.

टेड मेनेलनं एनॉकला गाडीच्या बोनटवर नकाशा पसरून दाखवला. एनॉकनं वहीतून वाचलं. बारा चाळीसला सरळ समोर, एकला फुटक्या सुळक्याच्या दक्षिणेला, एक एकोणतीसला शेवटचा. टेडनं पेन्सिलीनं रेघ ओढली, ती पुढं नेली आणि बिनतारीवर आकडे सांगितले. जीवरक्षक नाव उत्तरेहून वळली. तिला नेस ओलांडायलाच पाऊण तास लागला. तीन पन्नासला टेडच्या हातातला संच खरखरला. टेडनं ऐकलं, संच बंद केला आणि नेलकडे चालत गेला. तो टोपी काढताना दिसला तेवढ्यावर एनॉकला कळलं.

रूबेन सापडला तो नेसच्या दक्षिणेला दीड मैलावर, टेडनं ओढलेल्या रेघेवरच. नावेतला एक प्लास्टिकचा तरंगता गोळा त्यानं काखेत बांधून घेतला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत नळ्यांचा खडखडाट तेवढा होता. डेरेकनं अर्ध्या वाटेत गाडी कडेला घेतली, उतरला, कुंपणाशी वाकून ओकला, परत येऊन बसला. "मीच म्हटलं," तो म्हणाला. "चला, खूण मिळाली. मीच म्हटलं." बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी म्हटलं."

लेटी दार उघडून उभी होती. समितीच्या अध्यक्षांनी कुणाला तरी फोन केला होता आणि बातमी तिच्यापर्यंत आली होती. "दिसला म्हणे?" ती म्हणाली. "बाईंनाही दिसला?"

"दिसला. बाईंनाही."

तिनं त्याला ओल्या कोटासकट मिठी मारली. "मी म्हणत होते. दोन वर्षं म्हणत होते मी." तो थरथरत होता. तिला वाटलं गारठलाय. तिनं त्याला चुलीशी बसवलं, पायातले बूट काढले, आणि मग वर त्याच्या तोंडाकडे बघितलं.

नोव्हेंबरात मृत्यूची चौकशी झाली. एनॉकनं लग्नात घातलेला सूट घातला. चौकशीच्या अधिकाऱ्यानं त्याला वही वाचायला सांगितली. त्यानं बोट ठेवून वाचली, कारण मोठ्यानं वाचायची सवय नव्हती.

"पाणकावळा एक पंख वर करतो का, मिस्टर थ्वेट?"

"नाही साहेब. दोन्ही करतो."

"तुम्हाला हे त्या वेळी माहीत होतं?"

"हो साहेब."

"मग पाणकावळा का लिहिलंत?"

एनॉकनं वही मिटली. "दुसरं काही लिहिलं असतं तर कुणी पाहिलं ते विचारलं असतं. पाणकावळ्याला कुणी विचारत नाही."

मागच्या बाकावर होल्रॉइड बाई बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि म्हणाला, ही नोंद चौकशीला पूर्णपणे विश्वासार्ह वाटते. निकाल अपघाती मृत्यूचा लागला. डॉक्टरांनी सांगितलं की तसल्या पाण्यात दीडच्या पुढं फार वेळ तग धरणं कठीण होतं, पण एकच्या सुमाराला जीवरक्षक नाव पोहोचली असती तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कुणी त्यांना पुढं विचारलं नाही.

पुढल्या वर्षी एप्रिलात जिल्ह्याचा वार्षिक अहवाल टपालानं आला. सॅबिनचा कुरव मंजूर झाला होता. मंडळाच्या नावानं, तिघांच्या सह्यांनी, पहिलं नाव ई. थ्वेट. वर्णन बाईंनी पाठवलं होतं, आणि छापलं होतं ते असं. "स्कार्नेस, ७ ऑक्टोबर, १३:१८ ते १३:२९, पूर्ण वाढलेला पक्षी, एका तरंगत्या वस्तूभोवती घिरट्या घालताना." शेजारी एक नवी ओळ होती. १९७६ ची नोंदही फेरविचारानंतर मंजूर.

लेटीनं दोनदा वाचलं आणि अहवाल त्याच्यापुढं ठेवून भांडी घासायला गेली.

एनॉक दोन संध्याकाळी टेबलाशी बसला. समितीला त्याचं हे दुसरं पत्र. पहिलं दीड पानाचं होतं, हे अर्ध्या पानात आलं. त्यानं लिहिलं की माझी १९७६ ची नोंद काढून टाकावी, मला तिची गरज नाही. दुसरी नोंद राहू द्यावी, पण ती दुरुस्त करावी, कारण ती चुकीची छापली आहे. ती वस्तू नव्हती. खाली त्यानं दुरुस्ती काय करायची ते लिहिलं, एकेक अक्षर सुटं काढून, कुणालाही वाचता येईल असं.

स्कारबी गावचा खेकडे पकडणारा रूबेन लेंग, वय चौतीस, शनिवार, ७ ऑक्टोबर १९७८ रोजी दुपारी एक वाजून चोवीस मिनिटांनंतर वारला.